उभ्या रेघेची कुळकथा

कीबोर्डावर एक उभी रेघ असते: |. पोथ्या वाचणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. ओवीच्या चरणाअखेरचा दंड अगदी असाच दिसतो. पोथीत दंड आला की वाचणारा थांबून श्वास घेतो. संगणकाच्या आज्ञेत मात्र ही रेघ आली की डावीकडच्या प्रोग्रामनं केलेलं काम थेट उजवीकडच्या प्रोग्रामच्या हातात पडतं. तिचं नाव पाइप.

तिचं माहेर अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये. तिथे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स नावाची संगणकप्रणाली रचायला घेतली आणि लवकरच ती पीडीपी-११ या मिनिकॉम्प्युटरवर आणली. सुरुवातीच्या त्या पीडीपी-११ ची मेमरी होती २४ किलोबाइट आणि डिस्क जेमतेम अर्धा मेगाबाइट. एखादी यादी क्रमवार लावून, तिची पानं पाडून छापायची असेल, तर आधी ‘सॉर्ट’ चालवायचा आणि निकाल एका तात्पुरत्या फाइलीत ठेवायचा. ती फाइल पानं पाडणाऱ्या ‘पीआर’ला द्यायची, त्याचा निकाल दुसऱ्या फाइलीत ठेवायचा आणि ती छपाईच्या ‘ओपीआर’कडे पाठवायची. शेवटी दोन्ही फायली आठवणीनं पुसायच्या. स्वयंपाक एकच, पण घासायला भांडी ढीगभर!

बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या डोक्यात यावरचा उपाय कितीतरी आधीपासून घोळत होता. ११ ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात त्यांनी मांडलं होतं, की बागेला पाणी घालायच्या नळीला गरजेप्रमाणे आणखी एक तुकडा जोडावा, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यायला हवेत. तेव्हा युनिक्स जन्मालाही आलं नव्हतं. डार्टमथ कॉलेजच्या संगणकप्रणालीत ‘कम्युनिकेशन फाइल’ नावाची याच जातीची सोय होती, आणि हे नातं पुढे रिचींनी मोकळेपणानं नोंदवलं.

मॅकिलरॉय यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर १९७२ मध्ये थॉम्पसन यांनी मनावर घेतलं आणि एका रात्रीत पाइप युनिक्समध्ये बसवला. पण नळी बसवून भागत नव्हतं. नेहमीच्या प्रोग्रामना फाइलीचं नाव सांगावं लागे. आता नाव दिलं नाही तर समोरून जे वाहत येईल ते घ्यायचं, हे वळण त्यांना लावावं लागलं. मला या कथेतला खरा मोलाचा क्षण हाच वाटतो. आपल्याला देणारा कोण आहे, फाइल, माणूस की दुसरा प्रोग्राम, याची चौकशी करायची गरजच उरली नाही.

चिन्ह मात्र तेव्हा वेगळं होतं. फाइलीत लिहिण्यासाठीचा बाण पाइपसाठीही वापरत आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडे. थॉम्पसन यांना लंडनमध्ये व्याख्यान द्यायचं होतं. ते ओबडधोबड रूप तिथे दाखवणं त्यांना प्रशस्त वाटेना. मग उभी रेघ आली आणि आज्ञा सुटसुटीत झाली: सॉर्ट | पीआर | ओपीआर.

आत काय चालतं ते १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत स्पष्ट दिसतं. पाइप म्हणजे डिस्कवरची बिननावाची फाइल. तिची मर्यादा ४०९६ बाइट, कारण लहान फाइलीच्या नोंदीत ५१२ बाइटांच्या आठच ठोकळ्यांचे पत्ते मावत. लिहिणाऱ्यानं ४०९६ बाइट भरले की प्रणाली त्याला झोपवते. वाचणारा तळापर्यंत सगळं उपसतो, मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि लिहिणाऱ्याला उठवलं जातं. वाचणाराच निघून गेला असेल, तर लिहिणाऱ्याला इशारा जातो आणि त्यानं वेगळी सोय केली नसेल तर तो तिथेच संपतो. दोघांच्या मध्ये उभं राहून भरणं आणि उपसणं सांभाळणारी अशी प्रणाली असली, की दोघांनी एकमेकांचा वेग जाणण्याचं कारण राहत नाही.

एक उणीव होती. पाइप एकाच घरातल्यांना मिळे: ज्या प्रोग्रामनं तो उघडला तो आणि त्याची पिल्लं. परक्या प्रोग्रामना तिथे वाट नव्हती. पुढे नाव असलेले पाइप आले तेव्हा ती मोकळी झाली.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं वॅक्स या सुपरमिनीसाठी १९७८ मध्ये व्हीएमएस ही संगणकप्रणाली बाजारात आणली. प्रोग्राम जोडण्याचा तिथला मार्ग निराळा होता. त्यात ‘मेलबॉक्स’ होती: छपाईयंत्र किंवा टेप यांच्यासारखंच एक उपकरण, एमबीए अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावाचं, स्वतःच्या ड्रायव्हरसह, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रामसह. फक्त त्या ड्रायव्हरखाली यंत्रच नव्हतं. टेपवर लिहिण्याची जी विनंती, तीच इथे करायची. पलीकडे दुसरा प्रोग्राम वाचत असे. पाइपमधून बाइटांची अखंड धार येते, मेलबॉक्समधून एकेक निरोप सुटा निघतो. नाव ठाऊक असलेला आणि परवानगी असलेला परकाही तिथे पत्र टाकू शके.

यंत्राविना ड्रायव्हर हा विचार आज आपल्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘बाइंडर’ नावाचा असाच ड्रायव्हर असतो, आणि एका अ‍ॅपनं मागितलेली सेवा दुसऱ्या प्रक्रियेपर्यंत तोच पोचवतो. पाइपही जुनी जागा सोडून गेलेला नाही. लिनक्समध्ये त्याच्यात आता एरवी ६५,५३६ बाइट मावतात आणि डिस्कला हात लावावा लागत नाही. पण नळी भरली की लिहिणारा आजही झोपतो, आणि पलीकडच्यानं उपसा केला की जागा होतो.