लेडी डॉक्टर आहे का?

गेल्या शनिवारी आजीला शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात घेऊन गेलो होतो. दोन दिवस छातीत धडधडत होतं. ईसीजी काढायला एक तरुण मुलगा आला, तशी आजी माझ्या कानात म्हणाली, "बाई न्हाई व्हय रं कोण?" नव्हती. पदर सावरून सरळ उठलीच. मी आयटीवाला, तासभर वाट बघून वैतागलेलो. "अगं, त्याला काय त्याचं?" "त्याला नसंल. मला हाय."

घरी आल्यावर आपलं सीपीआर आठवलं. त्याचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, तेव्हा कोल्हापूर संस्थानानं इथला बायकांचा वॉर्ड त्यांना देऊ केला होता. त्या शिकायला गेल्याच मुळी आजीच्या प्रश्नासाठी! आमच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, अशा अर्थाचं त्यांनी कॉलेजच्या अर्जातच लिहिलं होतं. त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं, त्या १४ वर्षांच्या असताना. म्हणजे हे काही पुस्तकी वाक्य नव्हतं. पण त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय २१. हा वॉर्ड त्यांना मिळालाच नाही. (पुढे शाहू महाराजांच्या पाठबळानं डॉ. कृष्णाबाई केळवकर इथे काम करू लागल्या, त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.)

दहाच वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, पुण्यात गोरे सोल्जर घराघरात शिरून तपासणी करत होते. प्लेगची गाठ येते काखेत नाहीतर जांघेत. बायकांना काय वाटलं असेल, विचार करा. रँडच्या खुनामागे प्लेगच्या तपासणीतल्या या जुलुमाचा संताप होता.

आणि हे फक्त आपल्याकडचं 'मागासलेपण' म्हणावं, तर तसंही नाही. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक डॉक्टरला एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली. तोच पहिला स्टेथोस्कोप! युजरची अडचण खरी मानली की डिझाइन सुधारतं, हे आम्ही ऑफिसात रोज बोलतो. आजीच्या बाबतीत मात्र मी रिक्षात तिच्यावर चिडलो.

असो. सोमवारी दवाखान्यात फोन केला. बुधवारी बाई असतात म्हणे. रजा टाकलीय.