हिवाळ्यात कार धुताना पेंटवर ओरखडे येऊ नयेत म्हणून काय कराल?

हिवाळ्यात सकाळी कारवर दव असतं आणि त्याखाली बसलेली धूळ. "गाडी ओलीच आहे" म्हणून बरेच जण थेट कपडा फिरवतात. पेंटचं खरं नुकसान इथेच होतं.

असं का होतं?

कारच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम केसाएवढी. दवाने धूळ भिजते, पण वाहून जात नाही. मग तिच्यातले वाळूचे कण कपड्याखाली सँडपेपरसारखे घासले जातात. उन्हात दिसणारे गोल गोल बारीक ओरखडे त्याचेच!

योग्य पद्धत

१. गाडी सावलीत लावा. आत्ताच चालवून आणली असेल तर बॉनेट थंड होऊ द्या.
२. आधी फक्त पाणी टाका, वरून खाली. धूळ वाहून जाऊ द्या.
३. दोन बादल्या घ्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबर कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा.
४. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण वापरू नका. त्याने वॅक्स निघून जातं.
५. चाकं शेवटी, वेगळ्या कापडाने धुवा.
६. पाणी तसंच सुकलं तर पांढरे डाग राहतात. कोरड्या मायक्रोफायबर टॉवेलने ते न घासता टिपून घ्या.

सोसायटीत रोज गाडी पुसणाऱ्या दादांनाही एवढंच सांगा: आधी पाणी, मग कपडा.