मुठींत मावणाऱ्या मोटारी

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, नाणीं आणि मोडी दप्तरें उभीं राहतात. मुलाच्या मुठींत मावणारी धातूची मोटार त्या पंक्तींत बसवूं म्हटलें तर पुष्कळांस हंसूं येईल. परंतु जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या प्रतिकृती जमविणाऱ्या एखाद्या रसिकाचें कपाट ज्यानें बारकाईनें न्याहाळलें असेल, त्यास हें हंसूं आवरावें लागेल. साधनांची पारख कशी करावी, हा इतिहासकारापुढील प्रश्न या छंदांतहि जसाच्या तसा उभा राहतो.

या मोटारींचें मूळ आगगाडींत आहे. लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्न्बी यांच्या मेकॅनो कंपनीनें आपल्या खेळण्यांतील आगगाडीच्या स्टेशनाभोंवतीं मांडण्यासाठीं लहान वाहनें ओतण्यास आरंभ केला, आणि १९३४ पासून तीं ‘डिंकी टॉइज’ या नांवानें विकलीं जाऊं लागलीं. ती आगगाडी मूळ गाडीच्या एका फुटास सात मिलिमीटर या मापाची. म्हणजे मूळ वस्तूच्या सुमारें त्रेचाळिसाव्या हिश्शाची. आज संग्राहकांत रूढ असलेलें एकास त्रेचाळीस हें प्रमाण असें रुळांवरून मोटारींकडे आलें. पहिल्या मोटारी मात्र या मापाशीं फारशा इमानी नव्हत्या.

जॅग्वारचेंच उदाहरण घ्या. ‘एसएस १००’ ही देखणी उघडी मोटार १९३६ ते १९४० या काळांत सुमारें तीनशेंच निघाली. डिंकीनें स्पोर्ट्स मोटारींची मालिका १९४० मध्यें सुरू केली. पण महायुद्ध आडवें आलें, आणि ही चिमुकली जॅग्वार युद्ध संपल्यावर दुकानांत आली. तोंवर मूळ मोटारीचें उत्पादन केव्हांच थांबलें होतें. नव्या मोटारी बहुतेक परदेशीं रवाना होत, आणि इंग्लंडांत पेट्रोल १९५० पर्यंत नियंत्रित होतें. अशा दिवसांत बहुतेक घरांत शिरूं शकणारी स्पोर्ट्स मोटार ही एवढीच! तिचे बारकावे धातूंतच ठोकळ उठविलेले. तरी त्या काळची टंचाई आणि हौस हीं दोन्हीं तींत सांठवलेलीं आहेत.

पुढें चढाओढ लागली. १९५६ मध्यें मेटॉय कंपनीच्या ‘कॉर्गी’ मोटारींना पारदर्शक खिडक्या आल्या. १९६५ मध्यें जेम्स बाँडच्या ॲस्टन मार्टिनमधून कळ दाबतांच माणूस बाहेर फेंकला जाऊं लागला. परंतु १९७९ मध्यें मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना बंद झाला, १९८२ मध्यें ‘मॅचबॉक्स’ची लेस्नी कंपनी बुडाली, आणि १९८३ मध्यें मेटॉयचीहि तीच गत झाली. मुलें दुसऱ्या खेळांकडे वळलीं. गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले ते त्यांचे वडील. १९९५ मध्यें जर्मनींत स्थापन झालेली सीएमसी कंपनी अठराव्या हिश्शाच्या ज्या प्रतिकृती करते, त्यांपैकीं कांहींत हजाराहून अधिक सुटे भाग हातानें जोडलेले असतात.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. मोटार रस्त्यावर धांवत होती तेव्हां तिची प्रतिकृति ओबडधोबड होती. ती संग्रहालयांत जाऊन बसली तेव्हां प्रतिकृति निर्दोष झाली. मग खरें साधन कोणतें? राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढून, मागाहून रचलेल्या बखरींपेक्षां समकालीन अस्सल पत्रांस वरचें स्थान दिलें. तोच निकष येथें लावावा. सीएमसीची प्रतिकृति हा मागाहून साक्षेपानें लिहिलेला ग्रंथ आहे. मोटार कशी होती तें तो अधिक अचूक सांगेल. परंतु त्या मोटारीकडे तिचा काळ कसा पाहत होता, हें सांगणारें अस्सल पत्र म्हणजे तें जुनें, टवके उडालेलें खेळणेंच होय.

म्हणूनच जुन्या डिंकीला नवा रंग देऊन ती ‘सुधारणारा’ हौशी मनुष्य, जुन्या पत्रांतील पुसट अक्षरें आपल्या शाईनें गिरवणाऱ्या माणसाइतकाच अपराधी ठरतो. काळ तर आपलें काम करीतच आहे. युद्धपूर्व खेळणीं जस्ताच्या मिश्र धातूचीं. त्यांत शिशाची किंचित् भेसळ राहिली कीं वर्षांनुवर्षें धातु आंतून फुगतो, तडकतो आणि शेवटीं त्याचा भुगा होतो. संग्राहक या रोगास ‘जस्ताची कीड’ म्हणतात, आणि तो एकदां जडला कीं बरा होत नाहीं. कोरड्या, समशीतोष्ण जागीं ठेवून आणि वेळींच छायाचित्रें व मापें घेऊन ठेवून त्या वस्तूची साक्ष तेवढी वांचवितां येते. मुलाच्या हातून उडालेला टवका हाहि त्या साक्षीचाच एक भाग आहे. तो बुजविण्याचा अधिकार आपणांस नाहीं.