टेक्सासचा धडा आणि शेखाचे चित्र

अमेरिकेत पेट्रोलचा भाव चढला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, अरब शेखांनी आपली मान पकडली आहे. दुसरे, आपल्याच जमिनीत आणि समुद्रात भरपूर तेल आहे, ते काढू दिले तर भाव उतरेल. गेल्या पन्नास वर्षांत तिथले पक्ष बदलले, अध्यक्ष बदलले, पण ही वाक्ये टिकून राहिली. पहिल्या वाक्यातला शेख तर वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांतून इतका पसरला की सामान्य माणसाच्या मनात अरब, शेख आणि मुसलमान यांत फरकच उरला नाही. म्हणून या दोन वाक्यांचा इतिहास आपणही एकदा तपासायला हवा.

अमेरिकेत तेलविहिरींचे युग १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी सुरू झाले. पुढची बरीच दशके हा देश जगातला सर्वांत मोठा तेल उत्पादक होता. त्या काळात तिथल्या उत्पादकांची चिंता वेगळीच होती. तेल कमी पडत नव्हते, ते जास्त होत होते. १९३० साली पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड साठा सापडला आणि पुढच्याच वर्षी भाव इतका कोसळला की विहीर खोदण्याचा खर्चही निघेना. ऑगस्ट १९३१ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी चक्क सैनिक पाठवून विहिरी बंद करवल्या. पुढे 'टेक्सास रेलरोड कमिशन' ही सरकारी संस्था दर महिन्याला ठरवू लागली की कोणत्या विहिरीतून किती तेल काढायचे. नावात रेल्वे असली तरी चार दशके जगाच्या तेलभावावर या संस्थेचा मोठा प्रभाव होता. तेल कमी काढायचे आणि भाव टिकवायचा, ही तिची रीत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यपूर्वेतले तेल बाजारात आले. ते अमेरिकन तेलापेक्षा स्वस्त पडत होते. वाहनचालकांच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती, पण देशी उत्पादकांना ती परवडणारी नव्हती. म्हणून १९५९ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आयातीवर कोटा लावला. तो १९७३ पर्यंत चालला. अरबांचे स्वस्त तेल अमेरिकेत फार येऊ नये, असा बंदोबस्त अमेरिकेनेच चौदा वर्षे ठेवला होता, हे आज कुणी आठवत नाही.

१९६० साली पाश्चात्त्य तेल कंपन्यांनी उत्पादक देशांना न विचारता भाव कमी केले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये बगदादला पाच देश जमले आणि 'ओपेक' स्थापन झाली. सौदी अरेबिया, इराक, कुवेत, इराण आणि व्हेनेझुएला हे ते पाच देश. यातला इराण अरब नाही आणि व्हेनेझुएला तर मुस्लिमही नाही. संस्थेच्या स्थापनेत व्हेनेझुएलाचे तेलमंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फान्सो यांचा मोठा वाटा होता. त्यांनी टेक्सास रेलरोड कमिशनच्या कामाचा अभ्यास केला होता आणि तोच नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ज्याला पुढे 'शेखांचा कट' म्हटले गेले, ती युक्ती टेक्सासमध्ये शिकलेली होती.

१९७० साली अमेरिकेचे उत्पादन रोज सुमारे ९६ लाख पिंपांवर पोचले आणि तिथून घसरू लागले. १९७२ मध्ये रेलरोड कमिशनने निर्बंध उठवून विहिरींना पूर्ण क्षमतेने चालण्याची मुभा दिली. याचा अर्थ असा की अडचणीच्या वेळी वापरता येईल असे राखीव उत्पादन आता अमेरिकेकडे उरले नव्हते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि अरब देशांनी इस्रायलला मदत करणाऱ्या अमेरिकेला तेल न देण्याचे ठरवले. तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून साडेअकरा डॉलरच्या वर गेला. भाव वाढवण्याचा सर्वांत जास्त आग्रह धरणाऱ्यांत इराणचा शाह होता. तो अमेरिकेचा जवळचा मित्र होता आणि तेलबंदीत सामीलही नव्हता. पंपांवर ज्या लांब रांगा लागल्या, त्यांना तेलबंदीइतकेच निक्सन सरकारचे भावनियंत्रण आणि वाटपाचे नियम कारणीभूत होते. तरी लोकांच्या मनात चित्र राहिले ते शेखाचे.

निक्सन यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये जाहीर केले की १९८० पर्यंत अमेरिका ऊर्जेत स्वावलंबी होईल. त्याच महिन्यात अलास्काच्या पाइपलाइनला मंजुरी मिळाली आणि १९७७ पासून तिथले तेल वाहू लागले. पण १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली तेव्हा भाव पुन्हा दुपटीहून अधिक झाला. अलास्काच्या तेलाने आयात कमी केली, पण भावाच्या तडाख्यातून सुटका केली नाही.

दुसरीकडे खोदकामाला विरोधही वाढत होता आणि त्यालाही कारण होते. जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळ समुद्रातली विहीर फुटून किनारे काळे झाले. १९८० च्या दशकापासून बहुतेक किनारपट्टीवर नव्या खोदकामाला बंदी आली. २००८ च्या उन्हाळ्यात तेल पिंपामागे १४७ डॉलरवर आणि पेट्रोल गॅलनमागे चार डॉलरच्या वर गेले, तेव्हा ही बंदी निवडणुकीचा मुद्दा झाली. रिपब्लिकन अधिवेशनात मायकेल स्टील यांनी 'ड्रिल, बेबी, ड्रिल' अशी घोषणा दिली. सरकारच्याच ऊर्जा माहिती विभागाने आदल्या वर्षी म्हटले होते की किनारे खुले केले तरी २०३० पूर्वी भावावर लक्षणीय परिणाम होणार नाही. तरीही बुश यांनी जुलैत आपल्या अधिकारातली बंदी उठवली आणि सप्टेंबरअखेर संसदेनेही आपली बंदी संपू दिली. डिसेंबरमध्ये पेट्रोल दोन डॉलरच्या खाली आले. खुल्या झालेल्या समुद्रात तोवर एकही नवी विहीर खोदली गेली नव्हती. भाव उतरला होता तो जागतिक मंदीमुळे.

घोषणेची खरी परीक्षा त्यानंतर झाली. शेल खडकातून तेल काढण्याचे तंत्र पसरले आणि २००८ मध्ये रोज सुमारे ५० लाख पिंपांवर आलेले उत्पादन २०१५ मध्ये ९० लाखांच्या पुढे गेले. २०११ ते २०१३ या काळात उत्पादन वेगाने वाढत होते, तरी पेट्रोल साडेतीन डॉलरच्या आसपासच राहिले. २०१४ च्या अखेरीस भाव कोसळला आणि त्यात अमेरिकन शेलचा मोठा वाटा होता, हे मान्यच करायला हवे. पुरवठा वाढला की भावावर दबाव येतो. पण तो जगाच्या भावावर येतो, एकट्या अमेरिकेच्या नाही. २०१८ पासून अमेरिका पुन्हा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. तरी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तिथे पेट्रोल पाच डॉलरच्या वर गेलेच.

यातली सर्वांत बोलकी घटना २०२० ची आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत मागणी आटली आणि २० एप्रिलला अमेरिकन तेलाचा वायदेभाव शून्याच्याही खाली गेला. स्वस्त पेट्रोलचे कौतुक करणाऱ्या ट्रम्प यांनी तेव्हा सौदी अरेबिया आणि रशियाला गळ घातली की उत्पादन कमी करा. त्या महिन्यात रोज सुमारे ९७ लाख पिंपांची कपात ठरली. अमेरिकन उत्पादकांना वाचवायला रियाधचाच आधार घ्यावा लागला. टेक्सास रेलरोड कमिशनमध्येही उत्पादनावर पुन्हा मर्यादा घालण्याची चर्चा झाली, पण ती फेटाळली गेली.

या सगळ्यातून दिसते ते असे की पेट्रोल भरणारा आणि तेल काढणारा यांचे हित एक नाही. एकाला भाव पडायला हवा असतो, दुसऱ्याला तो टिकायला हवा असतो. 'आपले तेल' या शब्दांनी दोघांना एकाच बाजूला उभे केले जाते आणि समोर परका शेख दाखवला जातो.

आपल्या घरचा अनुभवही फार वेगळा नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये, तेलबंदी चालू असतानाच, मुंबईच्या समुद्रात 'बॉम्बे हाय'चा साठा सापडला. त्या तेलाने देशाचे परकीय चलन वाचवले, पण मुंबईचा पेट्रोलपंप जगाच्या भावापासून सुटला नाही. त्याच भाववाढीने आखातात पैसा आला आणि रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली मुले तिकडे कामाला गेली. एकाच भावाने कुणाची चूल मंदावली आणि कुणाची पेटली. तेव्हा पुढच्या वेळी भाव चढल्यावर कुणी एका धर्माच्या माणसाकडे बोट दाखवले, तर त्याला १९३१ चे टेक्सास जरूर सांगावे.