राजपुरीच्या खाडीवरचा पहारेकरी : जंजिरा पाहताना

आमच्या तिवस्याकडच्या लेकरांना किल्ला म्हटला की गाविलगड नाहीतर नरनाळा आठवतो. दोन्ही डोंगरावरचे. पाण्यातला किल्ला पाहायचा तर रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळ राजपुरीला जावं लागतं. इकडून अमरावती-मुंबई एक्सप्रेसने मुंबई, पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड असा रस्ता.

'जंजिरा' हा अरबी 'जज़ीरा'वरून आलेला शब्द, अर्थ बेट. इथे आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. दगडी तट निजामशाहीच्या काळात उभा राहिला आणि पुढे सिद्दींनी तो वाढवला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेले हबशी.

राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालो की दरवाजा दिसतच नाही. दोन बुरुजांच्या मधे तो असा दडवलाय की अगदी जवळ गेल्यावरच कळतं. म्हणजे शत्रूची होडी दरवाजा शोधेपर्यंत तोफांच्या माऱ्यात आलेली असायची. हे चित्रात शिकवता येत नाही, होडीतच समजतं. वर कलालबांगडी ही अवाढव्य तोफ आहे. पश्चिमेला समुद्राकडे उघडणारा दर्या दरवाजा, संकटात निसटायला. आत पडकी मशीद, वाडा आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव. तलाव नसते तर तटाचा काय उपयोग होता?

शिवाजी महाराजांनी याच्यासमोर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीहून समुद्रात भराव टाकायला घेतला होता. मोगल फौज चालून आल्याने ते काम अर्धवट राहिलं. ही लढाई हिंदू-मुसलमानांची होती असं पोरं बोलतात, तेव्हा आम्ही वर्गात एवढंच सांगतो: महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता, आणि सिद्दीही कधी निजामशाही, कधी आदिलशाही, मग मोगल असे धनी बदलत राहिले. भांडण खाडीच्या तोंडाचं होतं. ज्याच्या हाती ते, त्याच्या हाती व्यापार आणि जकात. सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीच्या सुटीत जावं. होडीवाला आत थोडाच वेळ देतो. आमचा निम्मा वेळ फोटोंतच गेला, दर्या दरवाजा धावत पाहिला. तटावर बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, लेकरांचा हात सोडू नये. परतताना खोकरीला थांबा. सिद्दी सरदारांचे दगडी मकबरे तिथे आहेत, गर्दी नसते, फातेहा निवांत होते.