हलत्या पानाचा लगाम कोणाच्या हाती?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या खात्यात तेव्हा पडद्यावर केवळ अक्षरे उमटत. चित्रच दिसत नसे, तेथे हालचाल कुठली?

अमेरिकेत मात्र त्याच सुमारास पाने हलू लागली होती. नेटस्केप ब्राउझरने लुकलुकणारी अक्षरे आणली, तर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने ‘मार्की’ हा टॅग देऊन सरकती ओळ आणली. भारतातील सरकारी संकेतस्थळांवर ही सरकती सूचना आणि तिच्या शेजारचे लुकलुकणारे ‘न्यू’ असे रुजले, की ती जणू त्यांची ओळखच ठरली. निसटलेली ओळ पुन्हा फिरून येईपर्यंत वाचकाने थांबावे, हा त्यातला अलिखित नियम होता.

१९९६ मध्ये फ्युचरस्प्लॅश हे सॉफ्टवेअर आले; ते मॅक्रोमीडियाने विकत घेतले आणि त्याचे नाव फ्लॅश झाले. संकेतस्थळाचे प्रवेशपृष्ठ आता लघुपटासारखे उलगडू लागले. परंतु त्यासाठी ब्राउझरला स्वतंत्र जोड द्यावी लागे आणि दृष्टिहीनांच्या वाचन-सॉफ्टवेअरला आतला मजकूर बहुधा सापडत नसे. २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅशला जागा का नाही, हे सांगितले. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशला दिलेला आधार थांबवला.

दरम्यान, हालचालीचे काम ब्राउझरनेच अंगावर घेतले होते. सीएसएसमध्ये आरंभ आणि शेवट सांगितला, की मधल्या चौकटी ब्राउझर स्वतः भरतो. सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील, तर प्रत्येकीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात. घटकाची रुंदी किंवा उंची बदलली, तर पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते. तोच घटक ‘ट्रान्सफॉर्म’ने सरकवला किंवा त्याची पारदर्शकता बदलली, तर ते काम बहुतेक वेळा ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवता येते. स्वस्त मोबाइलवर एक पान अडखळते आणि दुसरे सहज सरकते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. आज लोकप्रिय असलेल्या जीसॅप या साधनाची मुळेही फ्लॅशच्याच काळातली आहेत.

वेग साधला, तरी एक प्रश्न उरला. २०१३ मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीतील झेपावणाऱ्या दृश्यांमुळे काहींना मळमळ होऊ लागली. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा नाजूक असलेल्यांना पडद्यावरची मोठी हालचाल खरोखरच भोवळ आणते. २०१७ पासून ब्राउझर वाचकाची ‘हालचाल कमी हवी’ ही निवड पानापर्यंत पोहोचवू लागले. ती पाळायला संहितेच्या मोजक्या ओळी पुरतात. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल वाचकाला थांबवता आली पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासूनच सांगत होते. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्याच निकषांचा आधार घेतला.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पान हलवण्याची साधने आज विद्यार्थ्यांच्याही हाती आहेत. ते थांबवण्याची मुभा वाचकाच्या हाती देणे, हा या तीस वर्षांच्या इतिहासाचा खरा धडा आहे.