कूपरेजचा एक हंगाम

वसईत इतिहासाचा विषय निघाला की आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा तट आणि चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम उभी राहते. तो विजय थोर खराच. परंतु आज आम्ही ज्या विजयाविषयी बोलणार आहोत त्याला वीसेक वर्षेच झाली आहेत, तो येथून एका लोकलच्या प्रवासाइतक्या अंतरावर घडला आहे, आणि तरीही ह्या सभागृहातील फार थोड्यांना तो आठवत असेल. २००५–०६ च्या हंगामात महिंद्रा युनायटेड ह्या मुंबईच्या फुटबॉल संघाने फेडरेशन चषक जिंकला आणि त्याच हंगामात राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपदही मिळविले. पुढे चारच वर्षांनी तो संघ बंद झाला. इतका मोठा विजय आणि त्यानंतर इतके थोडे आयुष्य, असे का व्हावे? आमच्या बोलण्याचा विषय एवढाच आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. चर्चगेटला उतरून पायी जाण्यासारखे जे कूपरेज मैदान, त्याचे नावच मुळी कामगारांचे आहे. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात, आणि कंपनी सरकारच्या काळात त्या जागी पिंपे तयार होत. मुंबईत फुटबॉल आणला तो गोऱ्या सोल्जरांनी. १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षे तो पलटणीच नेत राहिल्या. आपल्या लोकांचे काम टाळ्या वाजविण्याचे. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाने तो प्रथमच हिंदी लोकांच्या हाती आणला. त्यानंतर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला.

मुंबईचे स्वतःचे बळ निराळ्या जागी वाढले, ते कंपन्यांच्या हजेरीपटावर. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, रेल्वे असे संघ उभे राहिले. चांगला खेळाडू दिसला की त्याला कारकुनाची किंवा खात्यातली नोकरी द्यायची, सकाळी त्याने सही करायची आणि दुपारी सरावाला जायचे, असा तो रिवाज. ह्या रिवाजाला कोणी नावे ठेवील. परंतु ज्या घरात चूल पेटण्याची पंचाईत, त्या घरातला मुलगा पायातल्या कसबावर कायम नोकरीत लागत असे, हे विसरू नये. टाटा आणि कॅलटेक्सकडून खेळलेला मुंबईचा नेव्हिल डिसोझा ह्याने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले. तो सामना भारताने ४–२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा क्रमांक मिळविला. १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स चषक घेतला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याची कथा येथे सांगण्याचे कारण नाही. गिरण्या गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची मैदाने, भजनी मंडळे आणि खेळाचे संघही गेले, इतकेच नोंदवितो. लालबाग-परळची पुष्कळ कुटुंबे नालासोपारा-विरारला आली ती ह्याच काळात.

ह्या पडझडीत जे संघ टिकले त्यांत महिंद्राचा संघ प्रमुख. तो १९६२ साली स्थापन झाला. कंपनीची जीप प्रसिद्ध, म्हणून वर्तमानपत्रे खेळाडूंना 'जीपमेन' म्हणत. कंपनीचा कांदिवलीचा कारखाना आपल्याच लोहमार्गावरचा. गाडी कांदिवली सोडू लागली की डब्यातला एखादा तरी म्हणे, "हे आपल्या संघाचे घर." आपला संघ! ह्या 'आपला' शब्दाकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

राष्ट्रीय लीग १९९६–९७ साली सुरू झाली. पहिल्या नऊ हंगामांचा हिशेब मांडला तर सहा अजिंक्यपदे कलकत्त्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालने वाटून घेतली होती, दोन गोव्याच्या साळगावकर आणि डेम्पो संघांनी, आणि अगदी पहिले पंजाबच्या जेसीटीने. मुंबईच्या खाती शून्य. दहावा हंगाम सुरू होताना मुंबईचा संघ अव्वल येईल असे पैजेवर सांगणारा मनुष्य आम्हांला तरी भेटला नव्हता.

त्या वर्षी संघाचा मार्गदर्शक होता गोव्याचा डेरिक परेरा, भारतासाठी बचावफळीत खेळलेला. आघाडीला ब्राझीलचा जोसे रामिरेझ बरेटो आणि घानाचा युसुफ याकुबू. बाजूने धावायला मुंबईचाच पोरगा स्टीव्हन डायस. बरेटो गोलाकडे पाठ करून चेंडू घेई आणि क्षणभर थांबे. त्या क्षणभरात आमच्या शेजारचा मनुष्य श्वास घेणे विसरे. सातासमुद्रापलीकडून पोटासाठी आलेली ही माणसे. आमच्या विरारच्या गाडीत तरी दुसरे कोण असते?

आम्ही तेव्हा वालीव-गोखिवऱ्याच्या छोट्या कारखान्यांत संघटनेचे काम करीत होतो. सामने दुपारचे, म्हणजे कामगाराने पाहायचे तर रजा टाकणे आले. एका कारखान्यातला टर्नर आमच्याबरोबर नेहमी येई. अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई, तरी येई. एकदा परतीच्या गाडीत, भाईंदरची खाडी ओलांडताना, तो म्हणाला, "भाऊ, अर्धा रोज बुडाला खरा, पण आठवडाभर कोणाला काही सांगायला तरी झालं." ज्याच्या आठवड्यात सांगण्यासारखे काहीच घडत नाही, त्याच्या ह्या वाक्याची किंमत आम्हांला पुढे कळली.

आधी फेडरेशन चषक आला. अंतिम सामन्यात स्पोर्टिंग क्लब द गोवाचा २–१ असा पराभव झाला. २००३ साली हाच चषक महिंद्राने मोहमेडन स्पोर्टिंगवर १–० अशी मात करून जिंकला होता, त्यामुळे आनंद झाला तरी आश्चर्य वाटले नाही. खरी परीक्षा लीगची. संघटनेच्या भाषेत सांगायचे तर चषक म्हणजे मोर्चा आणि लीग म्हणजे वर्गणी. मोर्चा एका दुपारी गाजतो. तेथे हिंमत, घोषणा आणि थोडे दैव पुरते. वर्गणी मात्र दरमहा, दारोदार जाऊन, कोणी टाळी वाजवीत नसताना गोळा करावी लागते. लीगमध्ये विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. परगावच्या उन्हात, मुख्य खेळाडू जायबंदी असताना, रडतखडत मिळविलेला एक गुणही शेवटच्या बेरजेत बसतो. त्या हंगामात आम्ही सामन्यापेक्षा गुणतक्ताच अधिक वाचला. सकाळी विरारच्या फलाटावर वर्तमानपत्राचे शेवटचे पान उघडायचे, बोटाने तक्ता खाली सरकवायचा आणि ईस्ट बंगाल किती मागे आहे ते मोजायचे. शेवटी ईस्ट बंगाल दुसराच राहिला. मुंबईच्या संघाने लीग जिंकली, ती पहिल्यांदाच.

त्या रात्री विरारात एक फटाका वाजला नाही. पुढे जून २००६ मध्ये जर्मनीत जागतिक स्पर्धा भरली तेव्हा मात्र आमच्या आळीत ब्राझीलचे झेंडे लागले आणि माणसे रात्र-रात्र दूरदर्शन संचापुढे जागली. त्यांत आम्हीही होतो, म्हणून टीका करण्याचा अधिकार आम्हांला नाही. ब्राझीलचाच एक मोहरा काही महिन्यांपूर्वी चर्चगेटजवळ आपल्यासाठी खेळत होता, हे सांगितले तर लोक हसत.

ह्या संघाने देशालाही दिले. २००७ साली भारताने सीरियाला १–० हरवून नेहरू चषक जिंकला, तो गोल महिंद्राच्या एन. पी. प्रदीपचा. २००८ मध्ये संघाने ड्युरँड चषक तिसऱ्यांदा घेतला. आणि मार्च २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की चालू हंगामानंतर संघ बंद होईल आणि यापुढे शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष दिले जाईल. शालेय फुटबॉल वाईट असे कोण म्हणेल? संघ मालकाचा, निर्णय मालकाचा. कायद्याने त्यात वावगे काही नव्हते. पहिल्या हंगामाचा विजेता जेसीटी, तोही गिरणीचाच संघ, २०११ साली बंद झाला. साळगावकर आणि डेम्पो २०१६ साली राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले.

मग कलकत्त्याचे संघ कसे टिकले? मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. दोन्ही सभासदांच्या वर्गणीतून वाढलेले क्लब. भांडवलाची गरज त्यांनाही पडली. २०२० साली मोहन बागानने एका कंपनीच्या संघाशी हातमिळवणी केली आणि नावाआधी 'एटीके' ही तीन अक्षरे आली. चाहत्यांनी ती काढण्यासाठी तीन वर्षे निदर्शने केली, आणि २०२३ साली ती अक्षरे काढावी लागली. तेथे लोकांनी संघ आपला मानला, एवढेच नव्हे तर त्यासाठी ते रस्त्यावर आले.

आमचे काय? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारला आहे. वीस-बावीस मागणीपत्रके आम्ही स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांत महागाई भत्ता होता, गणवेश होता, कँटीनचा चहासुद्धा होता. खेळाचे मैदान एकातही नव्हते. कूपरेजला पुष्कळदा आम्ही फुकटच्या पासावर गेलो. संघ बंद झाल्याची बातमी वाचली, हळहळलो, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. चार लोकांच्या सहीचे पत्रदेखील पाठविले नाही. 'आपला संघ' म्हणणे सोपे होते. त्या 'आपला' शब्दासाठी आम्ही एक रुपया वर्गणी दिली नव्हती की एक तास घालविला नव्हता. हक्क वहिवाटीने शाबीत होतो असे आम्ही कामगारांना शिकवीत आलो, आणि येथे आम्हीच वहिवाट ठेवली नाही.

आज मुंबईला दुसरा संघ आहे. २०१४ साली निघालेल्या मुंबई सिटीने २०२०–२१ आणि २०२३–२४ ला इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. आमच्या त्या टर्नरचा मुलगा त्याचे सामने पाहतो, आणि तिकीट स्वतःच्या पैशाने काढतो, हे ऐकून आम्हांला बरे वाटले.

परंतु त्याहून जवळची गोष्ट आपल्या वसईत आहे. येथील ख्रिस्ती गावांतून संध्याकाळी मुले अजून फुटबॉल खेळतात. चेंडू, जाळी, चुना ह्यांचा खर्च गाव वर्गणी काढून भागवितो. त्या संघांना कोणी राष्ट्रीय विजेते म्हणणार नाही. पण ते बंद करण्याची नोटीस काढू शकेल असा मालकही त्यांना नाही. त्यांना भीती आहे ती एवढीच की ज्या जमिनीवर ते खेळतात तीवर उद्या इमारत उभी राहील. तेव्हा श्रोतेहो, एक करावे. आपल्या घराजवळचे मैदान कोणाच्या नावावर आहे, हे ह्या महिन्यात तलाठ्याकडे जाऊन सातबारावर पाहून यावे. चषक कोणाचा, हा प्रश्न पुष्कळदा तेथेच सुटतो.